रजा, राजीनामा आणि रझाकार

जालन्यात एका बाजाररस्त्यावर अतिक्रमणे हटवण्याचे काम चालले होते. हातगाडे उचलून ट्रॉलीत टाकले जात होते. केळीचा गाडा लावणारा एक माणूस, डोक्याला जाळीची टोपी, गाड्याचे चाक घट्ट धरून ओरडला, "क्या रजाकारी लगाए रे तुम लोगां!" शेजारी मेथीच्या जुड्या मांडून बसलेल्या बाईंनी लगेच री ओढली, "न्हाई तर काय, निस्ती रझाकारी मांडलीय मेल्यांनी!"

आम्ही तिथेच उभे होतो. मुसलमान फेरीवाल्याने सरकारी माणसांना रझाकार ठरवावे, हिंदू भाजीवालीने त्याला दुजोरा द्यावा आणि दोघांपैकी कुणालाच त्यात काही वावगे वाटू नये, याची आम्हाला आधी गंमत वाटली. मग ती ओसरली. याच जिल्ह्यात, सहावीच्या वर्गात, सतरा सप्टेंबरच्या आदल्या दिवशी हाच शब्द मागच्या बाकावरून आमच्या पाठीवर येऊन आदळला होता. तेव्हा तो 'जुलूम' या अर्थाने आला नव्हता. हजेरीपटावरच्या आमच्या नावाचा अर्थ म्हणून आला होता. गुरुजींनी ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि धडा पुढे वाचला.

तेव्हापासून या शब्दाचा माग काढण्याचा नाद आम्हाला आहे.

शब्दाची घडण अगदी सोपी. अरबी 'रिज़ा' किंवा 'रज़ा' म्हणजे संतोष, राजीपणा, संमती. त्याला फारसी 'कार' लागला. काश्तकार, दस्तकार यांत लागतो तोच. रझाकार म्हणजे स्वतःच्या राजीखुशीने, कुणी जबरदस्ती न करता आणि मोबदल्याची आशा न धरता काम करणारा. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द आहे, स्वयंसेवक. (हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहून पाहावेत आणि थोडा वेळ गप्प बसावे. आम्ही तेच केले.) खेड्यातल्या तोंडी मात्र तो 'रझाकर' होतो आणि मग पैठणकर, अंबडकर यांच्या रांगेत जाऊन बसतो. एका शाळकरी पोराने आम्हाला विचारलेही होते, "हे रझा गाव कुठं आलं?"

या शब्दाचे गणगोत केवढे मोठे आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही. सहाबांचे नाव घेतल्यावर आपण 'रज़िअल्लाहु अन्हु' म्हणतो, त्यात हेच मूळ आहे. अल्लाह त्यांच्यावर राजी होवो. रझा, रझिया, रिझवान, मुर्तझा ही नावे त्याच घरातली. निकाहाच्या वेळी काजी मुलीची रजामंदी विचारतात, तिथेही तेच. एवढ्यावर थांबत नाही. मराठी माणूस रोज ज्या शब्दांवाचून बोलूच शकत नाही असे कितीतरी याच मुळातून उगवले आहेत : राजी, नाराज, मर्जी, राजीखुशी. सरकारी कचेरीत ज्याच्यावाचून पान हलत नाही ती 'रजा' हीसुद्धा. आणि ज्याच्यावाचून राजकारण हलत नाही तो 'राजीनामा'ही.

आता यातली एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. उर्दूतली रज़ा म्हणजे संमती. मराठीत येता येता 'जाण्याची संमती' एवढाच तिचा अर्थ उरला आणि पुढे संमतीही गळून कामावर न जाणे उरले. उर्दूत राज़ीनामा म्हणजे समझोता, दोन्ही पक्ष राजी झाल्याचा कागद. कोर्टात भांडण मिटले की तो लिहिला जातो. मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा खातेदार 'राजीनामा' देई आणि घेणारा 'कबुलायत' लिहून देई. त्या सोडण्यातून मराठी राजीनामा जन्मला. पद सोडणाऱ्याला उर्दूवाला 'इस्तीफा' म्हणतो. म्हणजे जुळवून घेण्याचा शब्द मराठीत आल्यावर सोडून जाण्याचा झाला. या कुळातले शब्द भाषेचा उंबरा ओलांडताना कूस बदलतात, अशी त्यांची खोडच दिसते. पण रजा आणि राजीनामा यांची कूस कागदावर बदलली. रझाकाराची बदलली ती रस्त्यावर, आणि तिथे रक्त सांडलेले होते.

मूळचा उर्दू शब्द निरुपद्रवी होता. खिलाफत चळवळीत पाणी वाटणारे, मिरवणुकीत रांगा लावणारे तरुण उर्दूत रझाकारच होते. हैदराबाद राज्यात १९२७ साली इत्तेहादुल मुस्लिमीनची स्थापना झाली. १९३८ पासून तिचे नेतृत्व नवाब बहादूर यार जंग यांच्याकडे होते. फर्डे वक्ते आणि मोठ्या आवाक्याचे पुढारी, पण १९४४ मध्ये अचानक वारले. १९४६ मध्ये संघटना लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या हाती आली आणि स्वयंसेवकांचे दल ही तिची मुख्य ताकद बनली. रझवी हे आडनावही त्याच 'रज़ा'वरून आलेले. इमाम अली रज़ा यांच्याशी नाते सांगणारे. राजीपणाचे नाव लावणाऱ्या माणसाने राजीपणाचे नाव असलेले दल वाढवले आणि सबंध मुलूख नाराज करून सोडला.

२९ नोव्हेंबर १९४७ ला निजाम आणि भारत सरकार यांच्यात 'जैसे थे' करार झाला. त्यानंतरच्या दहा महिन्यांत काय घडले, ते आपल्या लोकांनी आपल्याच मासिकांतून स्पष्ट लिहायला हवे होते. फारसे लिहिले गेले नाही, म्हणून इथे लिहितो. रझाकारांनी गावे लुटली, जाळली, माणसे मारली. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातल्या गोरट्यात आणि ऑगस्टमध्ये तेलंगणातल्या भैरनपल्लीत त्यांनी केलेली कत्तल कुठल्याही सबबीखाली झाकता येणार नाही. त्यावेळी रझवी लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावण्याची भाषणे ठोकत होते. जालन्याच्या जनार्दनमामा नागापूरकरांनी मुक्तिलढ्यात प्राण दिले. शहर त्यांचे नाव अजून घेते. जालना, जाफराबाद, भोकरदन या भागाला वऱ्हाडची सरहद्द लागून होती. देऊळगाव राजा बैलगाडीच्या एका दिवसाच्या अंतरावर. अनेकांनी बायकापोरांना गाडीत घालून तिकडे पोचवले. ज्या घरातून अशी गाडी निघाली, त्या घरात रझाकार या शब्दाला शब्दकोशातला अर्थ कोणत्या तोंडाने सांगायचा?

तरी दोन गोष्टी नोंदवून ठेवायला हव्यात. रझाकारांविरुद्ध लिहिणारा 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान मुसलमान होता. २२ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादेत त्याला गोळ्या घातल्या आणि त्याचा हात तोडला. दुसरी गोष्ट, निजामाच्या बाजूने उभे राहिलेले सगळेच मुसलमान नव्हते. औरंगाबादेत जन्मलेले दलित पुढारी बी. श्याम सुंदर त्या सरकारबरोबर होते आणि दलातही काही दलित तरुण गेले होते. त्यांची कारणे वेगळी होती, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण लोकांच्या आठवणीत बारकावे टिकत नाहीत. रोहिला, अरब, पठाण, निजामाचा पोलीस, इत्तेहादचा रझाकार, हे सगळे हळूहळू एकाच शब्दाखाली गोळा झाले. त्या शब्दाला दाढी फुटली, टोपी आली.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत शिरल्या आणि पाच दिवसांत सारे आटोपले. मोहिमेचे लष्करी नाव 'ऑपरेशन पोलो'. पण हा परक्या देशाशी झगडा नाही, घरातली बाब आहे, असे दाखवायचे म्हणून तिला 'पोलीस ॲक्शन' म्हटले गेले. रणगाडे आणि विमाने घेऊन आलेल्या या पोलिसांमुळे आपल्या मोहल्ल्यांच्या बोलीत एक इंग्रजी शब्द कायमचा रुजला.

वीसएक वर्षांपूर्वी भोकरदनकडच्या एका खेड्यात श्रावणबाळ योजनेचे अर्ज भरून द्यायला आम्ही बसलो होतो. म्हाताऱ्यांकडे जन्माचा दाखला नाही, वय अंदाजाने लावायचे. एक शेतकरी म्हणाला, "रझाकारीच्या साली मी बैलामागं जाया लागलो होतो." त्याच ओट्यावर टेकलेले गावचे शिंपीचाचा म्हणाले, "ॲक्शन हुआ तब मेरा क़ायदा चालू था." म्हणजे मशिदीत अलिफ-बे शिकत होते. आम्ही दोघांच्या अर्जांवर एकच जन्मसाल लिहिले. दोघे एका वयाचे, एका गल्लीतले, एकमेकांची तंबाखू खाणारे. साल एकच, पण एकाच्या घरात ते रझाकारीचे साल होते आणि दुसऱ्याच्या घरात ॲक्शनचे. एकाची भीती सप्टेंबरात संपली होती, दुसऱ्याची त्याच सप्टेंबरात सुरू झाली होती. शिंपीचाचांना रझाकारी ठाऊक नव्हती असे नाही. शेतकऱ्याला ॲक्शन ठाऊक नव्हते असेही नाही. पण वय मोजायला ज्याने त्याने आपापल्या घरातली भीती वापरली.

ॲक्शननंतर जे झाले त्याची चौकशी करायला भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाठवले होते. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ते राज्यभर हिंडले. कमीत कमी धरले तरी २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. सर्वांत जास्त हाल झाले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांचे. त्यांच्या खालोखालच्या जिल्ह्यांत त्यांनी औरंगाबाद धरला होता. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होता. वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. त्यात आणखी एक नोंद आहे, ती आम्हाला आकड्यांपेक्षाही मोलाची वाटते. हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर भावांना जिवावर उदार होऊन वाचवले, असे तो सांगतो. एकाच धाग्यावर पोट असलेल्यांनी एकमेकांना धर्माआधी धंद्याने ओळखले.

रझाकार या शब्दाला दुसरा जन्म मिळाला तो या महिन्यांत. आधी तो एका दलातल्या माणसाचे नाव होता. आता तो आरोप झाला. आमच्या नानी सांगत, ज्याच्या विहिरीवर किंवा बैलजोडीवर कुणाचा डोळा असेल त्याच्याकडे बोट दाखवून "हाही होता" एवढेच म्हटले की पुरे. जे खरोखर होते त्यांतले अनेक पळाले. कासीम रझवी तुरुंगात गेले, १९५७ मध्ये सुटले आणि पाकिस्तानला निघून गेले. १९७० मध्ये तिकडेच वारले. मागे राहिले ते शिंपी, पिंजारी, अत्तार, बागवान आणि १९४९ मध्ये जहागिऱ्या खालसा झाल्यावर बेकार झालेले शिपाई-कारकून. सामान आवरून जाणाऱ्याने शब्द मागे सोडला आणि तो मागे राहिलेल्यांच्या अंगावर पडला. नानी स्वतः तो शब्द कधी पूर्ण उच्चारत नसत. "वो रजा वाले" म्हणत आणि आवाज खाली आणत. लहानपणी आम्हाला वाटे, सुटीवर आलेल्या शिपायांबद्दल बोलताहेत.

पुढची पिढी आली आणि शब्दाची धार बोथट होऊन त्याला फाटे फुटले. मराठवाड्याच्या बोलीत आज रझाकार म्हणजे दांडगाई करणारा कुणीही. गावगुंड रझाकार, हप्ता मागणारा रझाकार, पाण्याची पाळी मोडून आपल्या शेतात पाट वळवणारा रझाकार. सुनेला जाच करणाऱ्या सासूलाही हे बिरूद मिळते. त्याला वर्गही नाही, धर्मही नाही. एका गावच्या सगळ्यांत खट वळूला लोक रझाकार म्हणत. त्याच्या वाटेला कुणी जात नसे. 'रझाकारी' हे भाववाचक नाम तर 'मोगलाई'च्या पाटावर जाऊन बसले आहे. मोगलाई म्हणजे एकेकाळी निजामाचा मुलूख; पुण्याकडच्या लोकांच्या दृष्टीने आपले जालना मोगलाईतच होते. पुढे मोगलाई म्हणजे अंदाधुंदी झाली. पण तिचे दिवस पालटले. आता हॉटेलच्या पाटीवर 'मोगलाई' लिहिलेले असते आणि तिथे गर्दी होते. रझाकाराच्या नशिबी पाटी नाही.

कारण त्याचा जुना अर्थ मेलेला नाही, झोपलेला असतो. एरवी केळीवाल्याच्या तोंडी खेळणारा हा शब्द निवडणूक आली, दगडफेक झाली किंवा सतरा सप्टेंबर उजाडला की उठून बसतो. मग सासूला किंवा वळूला लागू पडणारी ती शिवी एकाच मोहल्ल्याची होते. आम्हाला शिवीचे तितके वाटत नाही. शिव्या कुणाला चुकल्या आहेत? खटकतो तो तिचा वारसाहक्क. वळू मेला की त्याचे नाव त्याच्याबरोबर जाते, वासराला चिकटत नाही. १९४८ मध्ये क़ायदा शिकणाऱ्या मुलाच्या नातवाला मात्र हा शब्द सातबाऱ्यासारखा वारसाने मिळतो, आणि सातबाऱ्यावर नावे असतात तेवढी शेतजमीन त्याच्याकडे नसते.

हाच शब्द उपखंडाच्या दुसऱ्या टोकाला, मुसलमानांनीच मुसलमानांना घातलेली सर्वांत वाईट शिवी आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. जून १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात लष्करी राजवटीने वटहुकूम काढून 'रझाकार' दल उभारले. बांगलादेशच्या मुक्तियुद्धात त्या दलाने पाकिस्तानी फौजेला साथ दिली आणि बंगाली मुसलमान-हिंदू दोघांवरही अत्याचार केले. तिथे 'राजाकार' म्हणजे देशद्रोही. १९८८-८९ च्या सुमारास हुमायून अहमद यांच्या 'बहुब्रीही' या दूरदर्शन मालिकेत एक पोपट होता. लष्करशहाच्या राजवटीत माणसांना जे उघड बोलता येत नव्हते ते तो बोले, "तुई राजाकार!" तू रझाकार. देशभर लोक पोपटाची नक्कल करू लागले.

आणि मग जुलै २०२४. सरकारी नोकऱ्यांतल्या राखीव जागांवरून विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. पंतप्रधान शेख हसीना यांनी, मुक्तियोद्ध्यांच्या नातवंडांना नाही तर मग रझाकारांच्या नातवंडांना नोकऱ्या द्यायच्या का, अशा अर्थाचे उद्गार काढले. त्याच रात्री ढाका विद्यापीठात पोरापोरींचे घोळके बाहेर पडले आणि ओरडू लागले : तू कोण, मी कोण? राजाकार, राजाकार! पन्नास वर्षे ज्या शब्दाने माणसाला समाजातून उठवले जाई, तो त्यांनी स्वतःच अंगावर ओढून घेतला. त्यावरून तिथे पुष्कळ वाद झाला. ज्यांच्या घरात १९७१ मध्ये माणसे मारली गेली त्यांना ती घोषणा ऐकवली नसणार, आणि आम्हालाही ती सहज पचत नाही. ५ ऑगस्टला हसीना देश सोडून गेल्या. नातवंडांना आजोबांच्या नावाने हाक मारली की नातवंडे अशीही ओ देऊ शकतात. गोरट्याची आणि भैरनपल्लीची माती ज्यांना ठाऊक आहे त्या आपल्या भागात मात्र अशी घोषणा कुणी देऊ नये, असेच आम्ही म्हणू.

राहता राहिला मूळचा, उर्दू रझाकार. तो संपलेला नाही. उर्दू वर्तमानपत्रांत पूर आला, रेल्वे घसरली, साथ पसरली की रझाकार धावून येतात आणि वाचणाऱ्याच्या कपाळावर आठी पडत नाही. २०२० च्या टाळेबंदीत आपल्याकडच्या काही तरुणांनी घरोघर धान्य पोचवण्याचे काम हाती घेतले. फिरण्याचे पास हवे होते, म्हणून यादी द्यायची होती. एका वडीलधाऱ्यांनी ती सुरेख नस्तालिकमध्ये हाताने लिहिली. एका पोराने ती बसल्या बैठकीत संगणकावर मराठीत उतरवली, शीर्षकासकट. आम्ही कागद घेऊन कचेरीत गेलो. मथळा होता : 'रझाकारांची यादी'.

टेबलामागचे गृहस्थ निवृत्तीला आलेले, तोंडाला मास्क. त्यांनी मथळा वाचला, चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले, पुन्हा वाचला. आमच्या पोटात गोळा आला. खाली चौतीस नावे होती, त्यांत तीन हिंदू पोरांचीही. गृहस्थ काही बोलले नाहीत. लाल शाईचा पेन शोधला, सापडला नाही, मग निळ्यानेच शब्दावर एक आडवी रेघ ओढली, वर 'स्वयंसेवक' लिहिले आणि शिक्का मारला. कागद परत देताना म्हणाले, "माझ्या वडलांना उर्दू चांगलं येत होतं. मिडलपर्यंत उर्दूतच शिकले ते."

पास मिळाले. उर्दू प्रत आमच्याकडे अजून आहे. तिच्यावर मूळ मथळा तसाच आहे.